बेळगावात टेक्नो दुपारी वाजतो

"आमच्याकडं इलेक्ट्रॉनिक म्युझिकचे सेशन होतात" असं बेळगावात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, म्हणजे डॉल्बी काय? नाही म्हटलं की दुसरा, मग ते गोव्यातलं, रात्रभरचं, तसलं काय? तसलं म्हणताना आवाज खाली येतो आणि भुवया वर जातात. या दोन्हीचं उत्तर मी चहाच्या टपरीवर, लग्नात, बँकेच्या लाइनीत उभ्या उभ्या देत आलोय आणि ते नीट कधीच देऊन होत नाही, म्हणून आता एकदा बसून सगळं लिहून काढतो. वडगाव, खासबाग, उद्यमबाग, टिळकवाडी या पट्ट्यात आणि तिकडं खानापूर-निपाणीपर्यंत कॉम्प्युटरवर टेक्नोसारखं संगीत करायचं आणि एकत्र ऐकायचं जे चाललंय ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. ते बेंगळूरहून आलेलं नाही, पुण्याहूनही नाही, इथल्याच साऊंडवाल्यांच्या गोडाऊनमधून आणि मागाच्या शेडमधून उगवलंय, आणि हे इथल्याच कुणीतरी सांगायला पाहिजे.

सुरुवात कुठून धरायची यावर आमच्यातच एकमत नाही. मी मेमरी कार्डापासून धरतो. खडेबाजारात मोबाईलच्या दुकानात पैसे देऊन कार्डात गाणी भरून घ्यायचे ते दिवस, दोन जीबीचं कार्ड, दुकानदार विचारणार काय काय टाकू, मराठी, हिंदी, कन्नड, डीजे, आणि त्याच्या कॉम्प्युटरवर एका कोपऱ्यात ट्रान्स नावाचं फोल्डर असायचं, त्यात नक्की काय आहे हे त्यालाही माहीत नसायचं. ती गाणी गोव्याहून आलेली. आमच्याकडची कितीतरी पोरं सीझनला हणजूण-वागातोरच्या बाजूला साऊंड-लाइटच्या कामाला जायची, चोर्ला घाट उतरला की गोवाच, आणि परत येताना पेनड्राइव्ह भरून आणायची. तिथं त्यांच्या वाट्याला केबल ओढणं आणि बॉक्स उचलणं, पण रात्रभर कानावर पडायचं ते पडायचंच. तर ऐकायला गोव्यानं शिकवलं हे मान्य. करायला मात्र आम्ही घरीच शिकलो.

आणि करायला शिकवलं डॉल्बीनं. बेळगावचं विसर्जन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, संध्याकाळी निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, कपिलेश्वर तलावापाशी रांग संपता संपत नाही, आणि वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ वेगळेच. एवढा वेळ एवढ्या मंडळांना वाजवायला काहीतरी लागतं आणि प्रत्येक मंडळाला दुसऱ्याकडं नसलेलं लागतं. ते करून देणारी पोरं शहापुरात, अनगोळात, कंग्राळीत, येळ्ळुरात बसलेली असतात, दहा बाय दहाची खोली, जुना पीसी, त्यात एफएल स्टुडिओ हे गाणी करायचं सॉफ्टवेअर, आणि गणपतीच्या आधी आठवडाभर झोप नाही. हलगीचा ट्रॅक घ्यायचा, त्याखाली किक म्हणजे ड्रमचा खालचा जाड ठोका घालायचा, किक पडली की बाकी सगळं क्षणभर दाबायचं म्हणजे बेसला जागा मिळते, मध्येच मंडळाचं नाव घ्यायचं. हे जे दाबणं आहे ना, त्याला साइडचेन कॉम्प्रेशन म्हणतात, हाऊस आणि टेक्नो, म्हणजे मशिनच्या सरळ ठेक्यावरचं नाचायचं संगीत, करणारे जगभर हेच करतात, आणि आमच्या पोरांनी ते कुठला कोर्स न करता साऊंडवाल्याच्या शिव्या खात शिकलंय. त्यातले निम्मे मिक्स मला सहन होत नाहीत हे स्पष्ट सांगतो, मीटर कायम लालमध्ये आणि कुठंही उसंत नाही. पण हात तयार झाले ते तिथंच. या पोरांना कुणी कधी म्युझिक प्रोड्युसर म्हटलं नाही, "डीजे मारतंय ते" एवढंच म्हटलं, आणि हा अन्याय आहे असं मला आजही वाटतं.

मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरून घ्यायचा धंदा बसला. जे फोल्डर दुकानदारालाही कळत नव्हतं त्यातल्या गाण्यांची नावं कळायला लागली, कुणाचं, कुठल्या गावचं, कुठल्या साली. आणि २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा बेंगळूर-पुण्यात नोकरीला गेलेली आयटीतली पोरं लॅपटॉप आणि चांगले हेडफोन घेऊन घरी परत आली, गल्लीत जुने दोस्त भेटले, एकाकडं मिक्सचा हात होता आणि दुसऱ्याकडं सॉफ्टवेअरची माहिती. आमचं जे काय सुरू झालं ते या दोघांच्या एका खोलीत बसण्यातून. मी स्वतः तिसऱ्याच प्रकारचा, दिवसा उद्यमबागेत सीएनसी मशिनवर, मला यातलं दोन्ही अर्धं अर्धं येत होतं, पण माझ्याकडं जागा होती.

जागा म्हणजे काकांची वडगावातली मागाची शेड. वडगाव-खासबागेत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना मागाच्या खडखडाटात झोप लागते आणि तो थांबला की जाग येते. आता गल्ल्याच्या गल्ल्या गप्प झाल्यात. सुरतेच्या साडीपुढं इथली साडी परवडेना, सुताचा भाव वाढला, आडवं सूत नेणाऱ्या लाकडी धोट्याचे जुने माग वजनावर भंगारात गेले. काकांनी बरेच काढले, एक ठेवला, अजून चालतो. उरलेली शेड मोकळी, साधारण तीस फूट लांब, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. आम्ही बोललो तेव्हा काका म्हणाले, "वाजवा की, नाहीतरी शांतता खायला उठतीय."

पहिल्यांदा बॉक्स लावले तेव्हा आवाज इतका घाण आला की काय सांगू. किक पडली की वरचा पत्रा थरथरणार, शेडच्या मधोमध बेस गायब आणि भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की पोटात गुद्दे. तेव्हा आम्ही साऊंडवाल्या मामांना बोलावलं. त्यांना सगळी गल्ली मामाच म्हणते, कर्णा आणि बॅटरीच्या काळापासून धंद्यात असलेला माणूस, लग्न, सभा, जत्रा, भजन, मिरवणूक, सगळं केलेलं. मामा आले, शेडमध्ये एक चक्कर मारली, टाळी वाजवून बघितली, काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले,

"बेस दोन कोपऱ्यात का ठेवलाय रे?"

"मामा, एक डावीकडं, एक उजवीकडं..."

"खालच्या आवाजाला डावं-उजवं नसतंय, बा. शेजारी शेजारी ठेव. मधल्या भिंतीला, जमिनीवर."

ठेवले. मग एकच किक सारखी वाजवत ठेवायला लावली आणि मागं जाऊन एका बेसची वायर उलटी केली, प्लसची मायनसला. आवाज एकदम पोकळ झाला, म्हणजे आधीची सुलटी होती. परत लावली. "हे दर खेपेला बघायचं, कुणी कितीही मोठा इंजिनिअर आला तरी." पुढं मी वाचलं त्याचं कारण, ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, म्हणजे आमची शेड तिच्याहून थोडीच मोठी, भिंतीवर आपटून परत आलेली लाट आणि जाणारी लाट काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात आणि काही ठिकाणी दुप्पट करतात, आणि दोन बेस लांब लांब ठेवले की हा घोळ वाढतो. मामांना लाटेची लांबी माहीत नव्हती, कुठं उभं राहायचं आणि काय ऐकायचं हे माहीत होतं. पत्र्यासाठी त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूब मागवल्या, त्या कापून पत्रा आणि अँगलच्या मध्ये घातल्या. भिंतींना आम्ही घराघरातून वाकळा गोळा करून टांगल्या, बेसला वाकळ काही करत नाही पण वरच्या टोकदार आवाजाची चकचक तिच्यात बसते. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सेशनला मामा असतात आणि त्यांना ठरलेलं भाडं आणि मजुरी पहिल्यांदा दिली जाते, मग बाकीचं. जे स्वतःला अंडरग्राउंड म्हणवतात आणि डॉल्बीवाल्याला नाक मुरडतात त्यांच्याशी माझं अजिबात जमत नाही.

आता मागाचं सांगतो. काकांचा उरलेला माग चालू असताना मी फोनवर टेम्पो टॅप करून बघितला, मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांच्या मध्ये येतो, धोटा इकडून तिकडं, फणी आपटते, परत. टेक्नो-हाऊस याच पट्ट्यात वाजतं. मला हे फार मोठं वाटलं, कारण टेक्नोचा जन्मच कारखान्याच्या गावातला. अमेरिकेत डेट्रॉइट हे मोटारींचं शहर, आणि टेक्नो उभा करणारे हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉंडरसन हे तिघं डेट्रॉइटच्याही बाहेरच्या बेलव्हिल नावाच्या छोट्या गावातले शाळूसोबती. रेडिओवर रात्री लागणारं क्राफ्टवर्क हा जर्मन ग्रुप आणि अमेरिकन फंक ऐकत मोठे झाले, आणि कारखाने एकेक करून बंद पडत असताना १९८० च्या दशकात त्यांनी हे म्युझिक केलं. त्यांची मशिनं तरी काय, रोलँड कंपनीचा टीआर-८०८ हा ड्रम मशिन १९८० ते १९८३ एवढाच बनला, लोकांना तो खऱ्या ड्रमसारखा वाटला नाही म्हणून चालला नाही. टीबी-३०३ तर गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढलेला, तोही पडला. दोन्ही सेकंडहँडमध्ये स्वस्त झाले, शिकागो-डेट्रॉइटच्या पोरांच्या हातात पडले, आणि १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपनं ३०३ ची बटणं वाजता वाजता पिळून जो चिरका, वळवळणारा आवाज काढला त्याला अॅसिड हाऊस म्हणायला लागले. म्हणजे टाकून दिलेल्या सामानातून आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या सावलीत हे सगळं आलेलं आहे. वडगावात बसून हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही.

आणि भारतात तर हे आधीच येऊन गेलं होतं, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं यंत्र, बसवून स्टुडिओ उभा केला होता, तिथं गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी टेपवर कामं केली, टेपा संस्थेतच पडून राहिल्या आणि पन्नासेक वर्षांनी, २०२३ मध्ये तबकडीच्या रूपात बाहेर आल्या. तसंच मुंबईचे चरणजित सिंग, सिनेमातल्या गाण्यांना वाजवणारे, त्यांनी १९८२ मध्ये ८०८ आणि ३०३ वर दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली, शिकागोच्या अॅसिडच्या पाच वर्षं आधी. तेव्हा कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये परत निघाली तेव्हा जग तोंडात बोट घालून बसलं. आमच्या सेशनला नवीन कुणी आला की मी त्याला आधी हे ऐकवतो, कारण "हे आपलं नाही" हा विचार एकदा डोक्यातून गेला की पोरं मोकळी होतात.

घरातल्या मोठ्यांचा आक्षेप वेगळा असतो, लॅपटॉप हे काय वाद्य आहे काय? माझ्या आत्त्यानं हे विचारलं, त्या स्वतः पेटी शिकलेल्या. मी त्यांना पेटीचीच गोष्ट सांगितली. पेटीही बाहेरून आलेली, सूर बांधलेले, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीवर बंदी होती. आणि त्याच काळात आपल्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे मास्तर पेटी वाजवत होते, शिकवत होते, २०१० मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी गेले तोवर त्यांनी या गावाला पेटीचं गाव करून ठेवलं. वाद्य कुठून आलं याच्यापेक्षा त्यावर बसून किती वर्षं घासली हे महत्त्वाचं, हे बेळगावकराला वेगळं शिकवायला नको. आत्त्या आता येतात सेशनला. मागं खुर्चीवर बसतात, आवडलं नाही की सांगतात.

आणि हो, आत्त्या येऊ शकतात कारण आमचं सेशन दुपारी असतं. तीनला सुरू, नऊच्या आत सामान गाडीत. याची कारणं अगदी साधी होती. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून देशभर आहे, शेड राहत्या वस्तीत आहे, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांना शेवटची बस गाठायची असते. पण दुपार केल्यावर जे झालं ते आम्ही धरलंच नव्हतं. मुली यायला लागल्या. कॉलेजच्या, नोकरीच्या, एक-दोघी आईला घेऊन. रात्री अकराला ज्या घरातून "कुठं निघालीस" विचारतील त्या घरातून दुपारी तीनला कुणी अडवत नाही. दारू नाही, नशा नाही, हा नियम पहिल्यापासून, काकांचं घर भिंतीला भिंत लागून आहे आणि नातवंडं अंगणात खेळत असतात. मध्ये तासाभरानं ब्रेक, गिरमिट आणि मिरची भजी, चहा. खर्चाला वर्गणी, ज्याला जमेल तेवढी, हिशोब भिंतीवर लावलेला. बेंगळूरचा एक मित्र आला होता, त्याला हे सगळं भजनी मंडळासारखं वाटलं आणि तो नाराज झाला, अंधार नाही, धूर नाही, लेझर नाही. मला विचाराल तर पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप फरशीवर पडलीय, समोर वाजवणारीचा हात नॉबवर कुठं जातोय ते दिसतंय आणि शेजारी उभ्या माणसाचा चेहरा दिसतोय, अशा ठिकाणी टेक्नो ऐकण्यात जे आहे ते मला रात्रीच्या क्लबात मिळालेलं नाही.

आवाज पण आम्ही आटोक्यात ठेवतो, ९५ डेसिबलच्या आत. मिरवणुकीत बॉक्सच्या भिंतीसमोर फोनचं मीटर ११० च्या वर जाताना मी पाहिलंय. फोनचं मीटर तंतोतंत नसतं पण अंदाज येतो. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला पंधराच मिनिटं, असा हिशोब तज्ज्ञ धरतात. माझ्या ओळखीतल्या साऊंडच्या पोरांत चाळिशीच्या आतच कानात शिट्टी ऐकू येणारे आहेत, रात्री झोप लागत नाही. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये अगदी थोडक्यात मिळतात, दारात वाटीत ठेवलेले असतात, घालायचे, लाजायचं नाही. शेजारच्या अज्जी मात्र कुठलं मीटर बघत नाहीत, जास्त झालं की दारात येऊन उभ्या, "सौंड स्वल्प कम्मी माड्री", आणि आम्ही लगेच कमी करतो.

भाषेचं लोक मुद्दाम विचारतात म्हणून लिहितो. आमच्यात मराठी घरची पोरं जास्त, कन्नड घरची बरीच, उर्दू बोलणारी थोडी. सेशनमध्ये तिन्ही चालतात, एकाच वाक्यात चालतात. अडलं ते पोस्टरवर. मराठी आधी का कन्नड, किती मोठी, खाली कुठली, आणि इथं पाटीवरच्या अक्षरावरून काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः सीमाप्रश्नाच्या घरात वाढलोय, आजोबा काळ्या दिनाच्या फेरीत चालायचे, मला तो विषय हलका वाटत नाही आणि माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तसंच समोरच्याचंही आहे. शेवटी एका पोरीनं धोट्याचं चित्र काढलं, खाली वार आणि वेळ, बस. आता तेच पोस्टर, रंग बदलतो. १ नोव्हेंबरच्या आठवड्यात, म्हणजे एकीकडं राज्योत्सव आणि दुसरीकडं काळा दिन असतो तेव्हा, सेशन ठेवत नाही, ज्याला जिकडं जायचंय तिकडं तो जातो आणि पुढच्या रविवारी परत एका वायरीची दोन टोकं धरून उभे असतो.

कोण काय करतंय हे सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. निपाणीचा एक पोरगा आहे, घरचा तंबाखूचा व्यवसाय, सीझन संपला की वखार रिकामी. त्यानं वखारीच्या मधोमध फुगा फोडला, तो आवाज आणि मागं घुमत राहिलेला नाद रेकॉर्ड केला, आणि आता कॉम्प्युटरमध्ये कुठलाही आवाज त्या वखारीत वाजल्यासारखा करता येतो. त्याच्या सगळ्या ट्रॅकना निपाणीच्या वखारीचा घुमारा आहे. खानापूरची एक पोरगी, इंजिनिअरिंगला आहे, ती कणकुंबीकडं पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाऊस रेकॉर्ड करते, कौलावरचा वेगळा, इरल्यावरचा वेगळा, मलप्रभेच्या उगमाजवळचे बेडूक वेगळे. तिच्या संगीताला ठेका जवळजवळ नसतोच, नाचायला आलेले सुरुवातीला चुळबुळत होते, आता फरशीवर बसून ऐकतात. अनगोळचा एक तर मिरवणुकीचे मिक्स करणारा नावाजलेला हात, त्यानं हलगी काढून फक्त हलगीच्या मधली शांतता ठेवून एक ट्रॅक केला, त्या दिवशी मामा उठून उभे राहिले. सगळ्यांची सामुग्री म्हणाल तर जुना लॅपटॉप, ऑडॅसिटी, एलएमएमएस, व्हीसीव्ही रॅक अशी फुकट सॉफ्टवेअर, काहींचं नुसत्या फोनवर बँडलॅब. एका जणाकडं ३०३ ची स्वस्त नक्कल आहे, ती सगळ्यांत फिरते.

आता एक गोष्ट मला जोर देऊन सांगायचीय. इथल्या आवाजांचा वापर करायचा म्हणजे कुणाच्या तरी हातातलं घ्यायचं असतं. हलगी विस्तवावर शेकतात, कातडं ताणलं की सूर चढतो, आणि गार होईल तसा उतरतो, त्यामुळं तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिला ठोका आणि शेवटचा ठोका एका सुरात नसतो. आम्ही ते कॉम्प्युटरवर सरळ करणार होतो, वाजवणारे दादा म्हणाले, असू दे की, विस्तवाचा गुण आहे तो. तसंच ठेवलं. पण ज्या समाजानं पिढ्यान्पिढ्या हलगी वाजवली त्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, लग्नात वाजवून घेतलं आणि जेवायला शेवटी बसवलं, हे विसरून नुसता लूप कापून घेणं मला चोरीच वाटते. चौंडक्याचं तर अजून नाजूक. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर ज्यांनी चौंडकं ऐकलंय त्यांना माहीत आहे, काखेत धरलेलं, कातड्यातून निघालेली एक तार, ती ताणली की आवाज वर, सैल सोडली की खाली, ३०३ मध्ये सूर सरकतो ना अगदी तसा सरकतो, माझ्या अंगावर काटा आला होता पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा. पण ते वाद्य जोगतिणींच्या हातातलं, त्यामागं देवाला सोडलेल्या बायकांचं आयुष्य आहे, कर्नाटकात त्याविरुद्ध १९८२ मध्ये कायदा करावा लागला. म्हणून आमचं ठरलंय, विचारायचं, कशासाठी ते नीट सांगायचं, केलेलं त्यांना ऐकवायचं, पैसे आधी द्यायचे, त्यांना चालत असेल तर नाव लावायचं, आणि नको म्हटलं तर विषय संपला. एका आजींनी नको म्हटलं. देवीचं आहे, यंत्रात नको. ते रेकॉर्डिंग आम्ही केलंच नाही.

उलट काही जण परदेशातल्या ट्रॅकवर वरून एक शंख आणि एक श्लोक चिकटवतात आणि त्याला आपल्या मातीचा साऊंड म्हणतात, ते मला पटत नाही. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीत जन्मले, पुढं देवासला आजारपणात अंथरुणाला खिळून असताना माळव्यातली लोकगीतं कानावर पडली, त्या धुनांमधून त्यांनी नवे राग काढले, त्याला वर्षं लागली. वरून चिकटवण्यात आणि आतून काढण्यात एवढं अंतर आहे, आणि आम्ही सगळे अजून त्या अंतराच्या अलीकडच्या टोकाला उभे आहोत, पण तोंड तिकडं आहे.

अडचणी म्हणाल तर जागेची सगळ्यात मोठी. काकांची शेड किती दिवस राहील सांगता येत नाही, बिल्डर विचारून गेलाय. एक मोठा हॉल मिळत होता, तिथं "डीजेवाल्यांना देत नाही" म्हणून तोंडावर सांगितलं, आम्ही काय वाजवतो ते ऐकूनही घेतलं नाही. उद्यमबागेत सुट्टीच्या दिवशी एखादा वर्कशॉप मिळाला तर बरं होईल, औद्योगिक भागाला आवाजाची मर्यादा दिवसा ७५ डेसिबल आहे, वस्तीला ५५, आणि आजूबाजूला झोपलेलं कुणी नसतं. दोन मालकांशी बोलणं चालू आहे. आणि शिकवायचं चालू करायचंय, मिरवणुकीचे मिक्स करणाऱ्या लहान पोरांना, पंधरा-सोळा वर्षांची आहेत, हात भन्नाट, पण कुणी त्यांना डेट्रॉइट किंवा चरणजित सिंग ऐकवलेले नाहीत आणि कानाला जपायलाही शिकवलेलं नाही. मामांनी रविवारी सकाळी दोन तास द्यायचं कबूल केलंय, वायरिंग आणि फेज, म्हणजे वायर सुलटी का उलटी ते ओळखणं, ते शिकवणार, सॉफ्टवेअर आम्ही.

सध्या माझ्या डोक्यात मागच आहेत. काकांचा एक रेकॉर्ड करून झालाय, चालू होताना, पूर्ण वेगात, सूत तुटून थांबताना, आणि शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून येतो तसा. पण प्रत्येक मागाचा आवाज वेगळा असतो, लाकूड किती झिजलंय, पट्टा किती सैल आहे त्याप्रमाणं. वडगाव, खासबाग, शहापूर, सुळेभावी, कुठंही कुणाच्या घरी धोट्याचा माग अजून चालत असेल आणि भंगारवाला येऊन गेला असेल तर त्याआधी सांगा, रेकॉर्डर आणि दोन माईक घेऊन येतो, तासाभराचं काम आहे, त्या वेळेची मजुरी देतो आणि रेकॉर्डिंगची कॉपी घरच्यांना देऊन जातो.